दाराच्या जागी कपाट

१० नोव्हेंबर, पुणे

दिवाळीहून परत. अंथुर्ण्याला चार दिवस नुसतं खाणं आणि लोळणं. आबा दिसले तसेच, ताठ. सकाळी उठून आपले आपण गोठ्यात, तिथून पाण्याच्या चारीपर्यंत, परत ओट्यावर. या वयात काठीसुद्धा नावालाच. निघताना माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "बारीक झालीस गं वैजे." यंदा सगळी ब्लाउजं उसवून घ्यावी लागलीत. पण बापाच्या तोंडून ऐकलं, बरं वाटलं.

ऋतुजा रुसलीय. थिसिस तोंडावर आलाय आणि गाइडबाई करंज्या खात गावाला. उद्यापासून तिच्या उंदरांचं बघायचं.

१७ नोव्हेंबर

पुरस्कार मिळाला. फोन आला तेव्हा हात पिंजऱ्यात होते, ऋ.ने फोन कानाला लावून धरला. पलीकडचे गृहस्थ अभिनंदन म्हणाले, मी "कशाबद्दल?" म्हटलं. इतकी वर्षं वाट बघून ऐन वेळी हा प्रश्न.

आई हवी होती.

१९ नोव्हेंबर

दिवसभर वार्ताहर. "मॅडम, सोप्या भाषेत सांगा." सांगितलं. आपण एखाद्या जागेत वावरतो तेव्हा मेंदूतल्या काही पेशी त्या जागेचा नकाशा बनवतात. एक पेशी उंबऱ्यापाशी जागी होते, दुसरी चुलीपाशी. म्हणून लाइट गेली तरी आपल्याच घरात आपण धडपडत नाही. उंदराचंही तसंच, म्हणून उंदीर. आज मथळा: "उंदरांनी दाखवली मेंदूची वाट." खाली माझा फोटो. उंदीर कोण, वाट कुणाची, वाचकांनी ठरवायचं.

दादाचा फोन. गावात पेढे वाटले म्हणे. "पर लोकं ईचारत्यात, बाईच्या उंदरांचं झ्याक हाय, आमच्या उसातल्या उंदरांवर काय औषध हाय का?" नाही म्हटलं तर त्याला वाटलं मी टाळतेय.

२४ नोव्हेंबर

ऋ.चा नवा प्रयोग सुरू. पेटीतून उंदराला आपल्या पिंजऱ्यात जायचं एक भोक. ते बंद केलं, समोरच्या बाजूला दुसरं काढलं. उंदीर सवयीने जुन्या जागी गेला, भिंत हुंगली, पुढचे पाय लावून उभा राहिला. परत फिरला, परत तिथेच. पडद्यावर त्याच्या मेंदूतल्या जाग्या पेशींचे ठिपके सुरेख येत होते. आम्ही दोघी खूश.

मधेच दादाचा फोन. बारामतीकर नागरी सत्कार करणार, जळोचीच्या मंगल कार्यालयात, मग सगळे पाहुणे जेवायला आपल्या वस्तीवर. त्याआधी घराचं काम काढतोय. वास्तूवाला येऊन गेला, दक्षिणेचं दार बरोबर नाही म्हणाला, रस्त्याकडं पूर्वेला घेऊ, पुढं पोर्च बांधू. तुझं एक कपाट पण करतोय, काचेचं. मी "हो, छान, कर," म्हटलं. डोळे पडद्यावर. वास्तूवाल्याला दोन शब्द ऐकवायला हवे होते, पण दादाचा उत्साह बघून सोडून दिलं.

आबांना धुळीचा त्रास नको म्हणून सांगवीला आत्याकडे सोडणार आहे. हे बरं केलं.

६ डिसेंबर

भाषण लिहितेय. गावाकडच्या लोकांसमोर बोलायची धास्ती वाटते तेवढी परदेशात कधी वाटली नाही. तिथे कुणी मला परकर-पोलक्यात शेण थापताना पाहिलेलं नाही.

आत्याचा फोन. आबा फार हिंडत नाहीत, दिवसभर पडवीत बसून असतात, जेवणही कमी. म्हटलं, पाहुण्याच्या घरी संकोचत असतील.

१४ डिसेंबर, अंथुर्णे

संध्याकाळ. सगळे गेले. लिहावं की नाही कळत नाही. लिहिते.

सत्कार दणक्यात. जळोचीच्या वळणापासून फ्लेक्स, त्यावर मी पुढाऱ्यांच्या मधोमध, कुणीतरी मला दहा वर्षांनी तरुण केलेली. शाली, नारळ, फेटा. फेटा डोळ्यांवर घसरत होता. दादाने आबांना सांगवीहून परस्पर आणलं, हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. मी ठरलेलं भाषण केलं. लाइट गेल्याचा दाखला दिला. म्हटलं, "अंधारातही तुमचे पाय तुम्हाला दारापर्यंत नेतात." टाळ्या. आबांनीही वाजवल्या, जरा उशिराने, शेजारच्यांचं ऐकून.

मग सगळे वस्तीवर. घर ओळखू येईना. पोर्च, टाइल्स, पूर्वेला मोठं दार. जुन्या दाराची जागा बुजवून तिथे काचेचं कपाट, आत माझी सन्मानचिन्हं, दादाने कुठून कुठून गोळा केलेले शाळेतले कपसुद्धा. आबांची खाट मात्र जिथल्या तिथे. "आबा, दार आता पूर्वेला केलंय बरं का," दादाने सांगितलं. "व्हय, म्हायती हाय," आबा म्हणाले.

पानं मांडत होते. बाहेरून हाक आली, "आबाऽ, हायसा का घरात?" त्यांचे तालमीतले जुने दोस्त, महादूतात्या. आबा उठले. आमच्याकडे पाहुण्याला बसून "या" म्हणत नाहीत, दाराशी सामोरं जाऊन हाताला धरून आत आणायचं. आबांनी जन्मभर तेच केलं. दोन्ही हात पुढे करून, हसत, "या या तात्या" म्हणत ते तरातरा चालत गेले आणि माझ्या कपाटावर आदळले.

काच गेली. कपाळाला खोक. रक्त फार नाही. सगळ्या पाहुण्यांनी पाहिलं. आबा काचेवर हात ठेवून तसेच उभे राहिले, आणि तो हात चाचपडत बाजूला सरकला, भिंतीवरून, परत काचेवर. दार शोधत होते.

तेव्हा कळलं. मला, इतक्या उशिरा.

१५ डिसेंबर

बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. काचबिंदू, दोन्ही डोळे. शीर सुकलीय, आता करण्यासारखं काही नाही. उजेड-अंधार कळत असेल, तेवढंच. "हे काही आजचं नाही. दोन-तीन वर्षं तरी असंच असणार. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" दादा माझ्याकडे बघायला लागला, मी जमिनीकडे.

आबा गाडीत बसताना म्हणाले, "दिसत न्हाय ही मला ठावं हाय की. त्यापायी हितवर आणायची काय गरज व्हती?"

१६ डिसेंबर

गोठा, चारी, ओटा. सगळं पायांनी चालत होतं. डोळ्यांनी काहीच नाही. आणि मी दिवाळीत ओट्यावर चहा पीत ते बघत होते, मनात म्हणत होते, काय तब्येत ठेवलीय. माझ्याइतकं हे ओळखू शकणारं माणूस या जिल्ह्यात दुसरं नसेल. बारीक झालीस म्हणाले. न दिसणाऱ्या माणसाने लेकीला खूश करायला बोललेलं वाक्य, आणि मी ते पुण्यापर्यंत मिरवत नेलं.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

विचारलं, "आबा, सांगितलं का नाही?"

"सांगून काय? डोळं येणार व्हतं का? खाटंवर बसवलं असतंसा."

मग स्वतःच म्हणाले, "आता बसलोच की."

१७ डिसेंबर

दादाला नको ते बोलले. वास्तू, वास्तूवाला, अक्कल, सगळं काढलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला ईचारूनच केलं, वैजे. फोन केलता का न्हाय? तू छान म्हणलीस." मग हळूच, "आन् तुझ्यासाठीच केलं."

छान म्हटलं होतं. ठिपक्यांकडे बघत.

वहिनी ताटं घासता घासता म्हणाली, "वन्सं, मला बी कळलं न्हाई. रोज भाकरी मीच वाढती की. पर त्यांचा हात कवा चुकलाच न्हाई." वहिनी रडत होती. तिला बोलायचा मला काय अधिकार, ती तरी रोज इथे होती.

२० डिसेंबर

रजा वाढवली. ऋ.ला सांगितलं तुझं तू चालू दे.

ठरवलं, आबांना नवं घर शिकवायचं. मला हे येतं, निदान माझ्या नावावर एक पुरस्कार तरी आहे. खाटेपासून भिंतीला हात लावून दारापर्यंत, पोर्च, पायऱ्या, मग उजवीकडे गोठा. सकाळ-संध्याकाळ. आबा सांगितलं की उठतात, मी म्हणेन तिथे वळतात, मी थांबले की थांबतात. तक्रार नाही. माझं मन राखायला चालतात. माझा हात सुटला की तिथेच उभे. मागे कधी असे वागले नव्हते, मी काही सांगितलं की आधी चार शिव्या, मग काम. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मागचा ऊसही तुटून गेलाय. पाचटाची सळसळ असायची त्या बाजूला, आता नुसतं मोकळं रान. "त्या अंगाला काय बी वाजत न्हाय," म्हणाले. दार गेलं, उंबरा गेला, टाइल्सवर पायांना सगळीकडे सारखंच लागतं, आणि कानाला धरायलाही काही राहिलं नाही. हे सगळं एकाच महिन्यात. आम्ही उंदराचंसुद्धा एका वेळी एकच काढून घेतो.

२२ डिसेंबर

दादाने सकाळी डाळिंबातली जुनी ठिबकची नळी आणली. खाटेपासून पोर्चमधून गोठ्यापर्यंत खुंट्या ठोकून कमरेएवढ्या उंचीवर ताणून बांधली. नळी धरून जायचं, धरून यायचं. कल्पना मला सुचायला हवी होती. खूप नीट बांधली होती, गाठी टोचू नयेत म्हणून वर चिंध्या गुंडाळलेल्या.

आबांच्या हातात नळी दिली. त्यांनी चाचपली, इकडून तिकडे. म्हणाले, "मला दावं लावताय व्हय रं?"

दादाने गाठींवरच्या चिंध्या काढल्या. नळी सोडली, गुंडाळी केली, गोठ्यामागे गेला. बराच वेळ आला नाही. मी बघायला गेले नाही. दादाला रडताना मी कधी पाहिलेलं नाही, आणि त्याला ते आवडलं नसतं.

२३ डिसेंबर

जेवताना म्हटलं, कपाट काढू. भिंत फोडून दार जिथे होतं तिथे परत बसवू. पूर्वेचंही राहू दे, दोन दारांनी काही बिघडत नाही. दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "फोडा की. मला वास्तूचं काय न्हाय." तिने हे बोलणं सोपं नव्हतं. तिचं गुडघ्यांचं दुखणं जुन्या दारामुळे, असं तिला त्या वास्तूवाल्याने सांगितलंय.

आबा जेवायचे थांबले. "लेकीचं कपाट हाय ती. त्याला हात लावायचा न्हाय."

"आबा, मला नकोय ते."

"तुला नको आसंल. मला पायजे." आणि दादाला, "काच बसिवली का? आदी काच बसीव."

महादूतात्यांनी चावडीवर जो आला त्याला सांगितलंय म्हणे, आबाच्या घरात लेकीच्या बक्षिसांचं काचेचं कपाट हाय. आबांना ते कळलंय. न दिसणाऱ्या माणसाचं कपाट, न पाहिलेली बक्षिसं, आणि त्यासाठी दार सोडून बसलेत.

२६ डिसेंबर

आज दुपारी कुणी घरात नव्हतं. वहिनी गिरणीत, दादा रानात. मी आबांच्या खाटेवर त्यांच्याशेजारी बसले होते. म्हणाले, "तू डोळं मिटून जाऊन बघ की. मग कळंल."

मिटले. आबांचा खांदा सोडून उठले. मनात नीट ठरवलं, पूर्वेला, भिंतीला धरून, पोर्च. इतक्या दिवसांत इतक्या वेळा त्यांना नेलंय. दोन पावलं बरोबर टाकली, आणि मग काय झालं कळलंच नाही, पाय आपले आपण वळले. लहानपणी दप्तर घेऊन ज्या दारातून पळायचे तिकडे. हात पुढे केला तर काच. दादाने परवाच बसवलेली, नवी, गार.

मागून आबा म्हणाले, "कुठं पोचलीस?"

माझी नखं काचेवर वाजली.

"कपाटापशी का?"

"हो."

आबा हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पोटभर हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तुझं बी तिकडंच गेलं व्हय," म्हणाले, "तुझं बी." उठून, माझा आवाज धरून, कपाटापाशी येऊन उभे राहिले. आम्ही दोघं काचेला हात लावून उभे. "काय काय हाय आत?" मी आठवून आठवून सांगत गेले, हे अमक्याचं, हे तमक्याचं, हा सातवीतल्या वक्तृत्वाचा कप. कपाची दांडी मोडलेली आहे हे त्यांना आठवत होतं. "त्यो मीच मोडलाय, पुसताना," म्हणाले.

मग म्हणाले, "चल, बाहेर बसू. दार कुठल्या अंगाला?"

मी डोळे मिटलेलेच ठेवले होते. बोट दाखवायला गेले आणि नक्की सांगता येईना. उघडावे लागले. त्यांना तशी सोय नाही.

२८ डिसेंबर, पुणे

परत. निघताना आबांनी पाठीवरून हात फिरवला, या वेळी बारीक झालीस म्हणाले नाहीत.

ऋ.ने आकडे दाखवले. फार चांगले आलेत. ती बोलत होती आणि मी पेटीकडे बघत होते. उंदीर बंद केलेल्या भोकाशी दोन पायांवर उभा. "मॅडम, हाच तो भाग," ती म्हणाली. तिला म्हटलं, तू पुढचं कर, मला डोकं दुखतंय.

९ जानेवारी

दिल्लीहून आमंत्रण, भाषणाचं. विषय त्यांनीच सुचवलाय: "अंधारातला नकाशा." माझाच दाखला, बातमीतून उचललेला. पुढची तारीख मागून घेतली. काय बोलायचं ते बघू. तो दाखला आता तोंडातून निघणार नाही.

१५ जानेवारी

संक्रांतीला जायचं होतं, जमलं नाही. जमवलं नाही.

वहिनीचा फोन. काल सकाळी आबा आपणहून उठले. काठी घेऊन, भिंतीला धरून, पोर्चपर्यंत एकटे. वहिनी चुलीपाशी होती, श्वास धरून बसली. परत येताना चुकले, पायऱ्यांच्या कडेला उभे राहिले, कुठे वळावं कळेना. "हाक मारावी तर त्यास्नी आवडत न्हाय. मग मी आत येऊन भांडी आपटली, वन्सं. उगंच. दुधाची किटली, झाकण, काय बी. त्या आवाजावर आले आत. मला म्हणले, काय गं आदळाआपट लावलीया."

खूप वेळ तो फोन हातात धरून बसले होते. वहिनीला दहावीसुद्धा करता आली नाही हे आत्ता लिहायची काही गरज नव्हती. खोडत नाही, पण गरज नव्हती.

आज मात्र उठले नाहीत. थंडी आहे म्हणाले.

१९ जानेवारी

गवंडी येऊन बघून गेला म्हणे. दादाने नुसतं विचारायला बोलावला होता. आबांना वास लागला, त्यांनी खाट ओढायला लावून कपाटाला टेकून घातली. आता तिथेच निजतात. "फोडा म्हणाव माझ्यासकट," असं काहीतरी म्हणाले. दादा हसत सांगत होता, पण हसू बरं नव्हतं.

पोर्चपर्यंत परत गेले का विचारलं. न्हाय, म्हणाला. एकदा उठले होते, पण खाट हलवलीय ना, आता खाटेपासूनचंही चुकतं.

२३ जानेवारी

संध्याकाळी दादाने आबांकडे फोन दिला. आधी ऊस किती गेला, कालव्याला पाणी कधी सुटणार, सगळं सांगून झालं. मग म्हणाले, "तुझ्या उंदरांचं काय चाललंय?"

म्हटलं, चाललंय. दार बदललेल्या पेटीचं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, दुसरं काही सुचेना. वाटलं, दुखावतील. पण ते कान देऊन ऐकत होते, मधे मधे हुं म्हणत.

"मग शेवटाला घावतंय का त्यास्नी, नवं दार?"

"घावतं की. फिरून फिरून घावतं."

"येळ लागत आसंल."

"लागतो थोडा."

मागे वहिनीचा आवाज, गाईचं हंबरणं.

"आन् म्हातारं आसलं तर?"

मी हॅलो, हॅलो म्हणत राहिले. आवाज येत नाही आबा, रेंज गेली वाटतं, म्हटलं, आणि ठेवला. मला सगळं नीट ऐकू येत होतं.